स्पर्धा सोशल, टॅकल खरा

प्रिय,

आपल्या रग्बी संघाच्या परदेश दौऱ्याची जबाबदारी तू अंगावर घेतलीस हे कळलं. आता जो तो तुला जर्सीचा रंग आणि हॉटेल विचारत सुटेल. त्यांना थोडं थांबव. तिकिटं काढण्याआधी एवढंच बघ, की येणाऱ्यांपैकी फ्रंट रोमध्ये, म्हणजे समोरच्या संघाशी भिडून रेटणाऱ्या पहिल्या ओळीत, खेळायची तयारी खरोखर किती जणांची आहे.

टेन्समध्ये, म्हणजे दहा-दहा जणांच्या रग्बीत, स्क्रम (दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तो) प्रत्येकी पाच जणांचा, त्यातले तिघे पुढच्या ओळीत. हाफ दहा-दहा मिनिटांचेच, पण एका दिवसात सामने बरेच. एखादा प्रॉप, म्हणजे त्या ओळीतला कडेचा खेळाडू, जायबंदी झाला आणि तयार बदली नसेल, तर रेफरी स्क्रम रेटारेटीविना घ्यायला लावतो. प्रश्न मानेचा असतो, त्यामुळे नियम योग्यच आहे. 'मी उभा राहतो ना' म्हणणारा उत्साही विंगर (मैदानाच्या कडेनं पळणारा खेळाडू) मात्र हमखास निघतो. त्याला ठाम नकार दे. स्पर्धा सोशल, म्हणजे हौसेमौजेची, आहे हे आयोजकांना ठाऊक असतं, टॅकल करणाऱ्याच्या खांद्याला नव्हे.

म्हणूनच नाव नोंदवताना आपला दर्जा खरा सांग. फुशारकी मारून वरच्या गटात शिरलात, तर दोन्ही दिवस नुसती धुलाई होईल. खेळाडू कमी पडत असतील तर तेही आधीच कळव. अशा स्पर्धांत उसने खेळाडू मिळतात आणि बहुधा छान मिसळून जातात.

दौऱ्यासाठी आपल्या राष्ट्रीय संघटनेची लेखी परवानगी घे. काम कंटाळवाणं आहे, पण विम्याचा दावा अशाच कागदावर अडतो. प्रवास विम्याच्या साध्या पॉलिसीत रग्बीसारखे खेळ बरेचदा वगळलेले असतात. एजंटच्या 'सगळं कव्हर आहे' वर जाऊ नकोस. वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाच. परदेशातली शस्त्रक्रिया आणि जखमीला घरी आणण्याचा खर्च, हे दोन्ही त्यात हवंच.

आता सगळ्यात अवघड भाग. डोक्याला मार लागून कुणी गोंधळला, डगमगला किंवा कुठल्या हाफमध्ये आहोत हे विसरला, की तो बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या सूचनांप्रमाणे हौशी खेळाडूनं साधारणपणे 21 दिवसांच्या आत सामना खेळू नये, म्हणजे दौऱ्यातलं त्याचं रग्बी तिथेच संपलं. तो भांडेल, एवढा खर्च केलाय म्हणेल, मित्रही त्याचीच बाजू घेतील. हा निर्णय कोण घेणार ते निघण्याआधीच सर्वांसमोर ठरव. कॅप्टन नको, कारण पुढच्या सामन्यात त्याला तो खेळाडू हवाच असतो. न खेळणारा मॅनेजर बरा. त्या रात्री त्या खेळाडूला खोलीत एकटं सोडू नका आणि दारूही देऊ नका. उलट्या किंवा डोकेदुखी वाढली तर थेट हॉस्पिटल गाठा.

सामानाचं थोडक्यात: बूट आणि माउथगार्ड हातातल्या बॅगेत. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. जपानमध्ये तर सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. उतरल्याच्या दिवशी सामना ठेवू नकोस.

राहिली संध्याकाळ. दौऱ्यावर लुटुपुटूची कोर्टं भरतात, दंड ठोठावले जातात. मजा असते, मलाही आवडायची. पण दंड म्हणून गाणं म्हणायला लावा, ग्लास रिकामा करायला नको. न पिणारा मुलगा पहिल्याच दौऱ्यावर बुजला, तर पुढच्या सीझनला सरावालाही येत नाही. न्यायाधीश कोण ते तू ठरव, आणि तो स्वतः शुद्धीत राहणारा असू दे.

यजमान क्लबसाठी जर्सी नेशीलच. रेफरींसाठीही काहीतरी ने, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. विम्याची पॉलिसी हातात आली की मला पाठव, आपण बरोबर बसून वाचू.

तुझा,
जुना प्रॉप