पाटल्या राहू द्या, कॅमेरा भाड्याने आणा

बेळगावातल्या शहापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, उद्यमबागेतल्या फौंड्रीत क्वालिटीला नोकरी, हातात महिना २४,००० रुपये. वडगावातल्या यंत्रमागांवर पंधरा मिनिटांची फिल्म करायचीय. लेखन, कॅमेरा, संकलन सगळं एकट्यानेच. दोन एफडी आहेत. एक २ लाखांची, दुसरी १ लाख २० हजारांची. धाकटीची मुदत ऑगस्टमध्ये संपते. कॅमेरा, दोन लेन्स, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारी दांडी), ड्रोन आणि नवा लॅपटॉप मिळून ४ लाखांचा आकडा त्यांनी काढलाय. एफडी न मोडता पर्सनल लोन काढावं, की आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात, असं विचारतात. आई म्हणतात, "ने की, मी आता घालून कुठं जाणार?" दादासाहेब फाळक्यांनीही बायकोचे दागिने गहाण टाकले होते, असा दाखलाही पत्राच्या शेवटी आहे.

माझं उत्तर: दोन्ही नको, आणि ४ लाखही नकोत.

आधी हप्ता बघू. ४ लाख, १४ टक्के, तीन वर्षं. महिन्याला १३,६७० रुपयांच्या आसपास, आणि एकूण व्याज ९२,००० च्या घरात. तुम्ही घरी ११,००० देता, पेट्रोल, मोबाइल, बाकी किरकोळ मिळून ६,००० जातात. उरतात सात, हप्ता साडेतेराच्या वर. लग्नाची शूटिंग घेऊन कॅमेरा वसूल करीन, असं तुम्ही लिहिलंय. लग्नाचं काम हा स्वतंत्र धंदा आहे. गिऱ्हाइकाला दोन कॅमेरे, अल्बम, व्हिडिओ सगळं लागतं, शिवाय मुहूर्त बरेचसे सुट्टीच्याच दिवशी. तुमची फिल्म तर रविवारीच व्हायची आहे. म्हणजे फिल्मसाठी घेतलेला कॅमेरा फिल्मलाच रिकामा मिळणार नाही.

पाटल्यांचं म्हणाल, तर आईंनी आनंदाने दिल्या तरी त्या आईंच्याच. सोनेतारणात बऱ्याच ठिकाणी वर्षभर नुसतं व्याज भरत राहतात आणि मुद्दल शेवटी एकरकमी समोर येतं. तेव्हा हाताशी पैसा नसला की लिलावाची नोटीस येते. पंधरा मिनिटांच्या पहिल्या फिल्मकडून त्या तारखेपर्यंत पैसे येतील, हे धरून चालता येत नाही. ही गुंतवणूक नाही, खर्च आहे. सहलीला जातो तसा. खर्च करायला माझी ना नाही. फक्त तो बुडाला तर घरात कुणाची झोप उडणार नाही, एवढ्या रकमेचा हवा.

राहिले फाळके. दागिने, विम्याची पॉलिसी गहाण टाकली हे खरंच. पण १९१२ साली कॅमेरा आणायला त्यांना लंडन गाठावं लागलं. तुम्हाला खडेबाजारापर्यंत जायचंय. आणि परतल्यावर भांडवल उभं करायचं होतं तेव्हा त्यांनी मोठ्या चित्रपटाच्या नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. वाटाणा पेरला, त्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित केलं आणि ती इवलीशी फिल्म लोकांना दाखवली. मला तुमच्याकडून ते वाटाण्याचं रोप हवंय.

आता तुमच्या यादीवर काट मारतो. ड्रोन आधी. आपल्याकडे सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्री. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात वडगाव कोणत्या रंगात आहे ते बघा. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. गिंबल नको, माग काही जागचा हलत नाही. लॅपटॉप आहे तोच ठेवा. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती अशा फिल्मला पुरते, आणि मशीन अडखळलं तर प्रॉक्सी फाइल, म्हणजे चित्रणाच्या हलक्या प्रती, करून संकलन करता येतं. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून दिवसाला २,००० भाडं, असा दर तुम्हीच विचारून लिहिलाय. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, फोटोग्राफर मंडळींचे कॅमेरे कपाटात पडून असतात. आठ दिवस एकदम बोललात तर त्यातही घासाघीस होईल.

पैसे घाला ते आवाजात. चार माग चालू असताना तुम्ही कधी त्या खोलीत उभे राहिलात? धोट्याची खटखट अशी असते की शेजारच्याला कानात ओरडून सांगावं लागतं. विणकराचं बोलणं तिथे टिपता येत नाही. माग बंद करूनच बोलतं करायचं, मागाचा आवाज वेगळा घ्यायचा. आणि इथेच तो खर्च आहे, जो तुमच्या चार पानी अंदाजपत्रकात कुठेच नाही. मजुरी साडीवर असते. तुम्ही दोन तास माग थांबवला, तर त्याची साडी दोन तास मागे पडली. त्या वेळेचे पैसे आधी ठरवून, त्याच दिवशी हातात द्या. चहा पाजून भागवू नका.

सगळा हिशेब मांडला तर: कॅमेरा आठ दिवस १६,०००. छोटा रेकॉर्डर आणि कॉलर माइक विकत, २५,०००. ही वस्तू पुढच्या फिल्मलाही तुमचीच. विणकरांची भरपाई, जेवण, पेट्रोल १५,०००. स्टुडिओत आवाजाचं मिक्सिंग २०,०००. दोन हार्ड डिस्क १२,०००. एक घरी, एक मित्राकडे, कारण पावसाळा आहे. इंग्रजी सबटायटल आणि महोत्सवांच्या प्रवेशफीला १२,०००. झाले एक लाख. वरचे २०,००० फेरशूटला. बरोबर तुमची धाकटी एफडी. ती मोडायचीही नाही, मुदत संपेल तेव्हाच घ्यायची, म्हणजे दंडही नाही. तोपर्यंत दर रविवारी फोन घेऊन वडगावात जा, माणसं ओळखीची करा, कच्च्या मुलाखती घ्या. मोठ्या एफडीला हात लावायचा नाही. तुमचा महिन्याचा खर्च १७,०००, म्हणजे नोकरी गेली तरी अकरा महिने चूल पेटती राहील. राजीनामा द्यायचा विचार असेल, तर तो डोक्यातून काढाच. लागली तर आठ दिवसांची बिनपगारी रजा घ्या.

महाराष्ट्राचं अनुदान मिळेल, असं तुम्ही धरलंय. ते पूर्ण लांबीच्या मराठी चित्रपटांना, तेही चित्रपट तयार होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षणानंतर. तुमच्या हिशेबात ते शून्य. थिएटरात तिकीट लावायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, यूट्यूबवर टाकायला लागत नाही. फिल्ममध्ये रेडिओवरचं गाणं मागे वाजत असेल तर तो तुकडा काढा. हक्क विकत घेणं परवडणार नाही. संमतीचा कागद मात्र प्रत्येकाकडून घ्या, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला कन्नडमधला द्या. आपल्या गल्लीत सगळे दोन्ही भाषा बोलतात म्हणून सगळे दोन्ही वाचतात असं नाही.

पुढेमागे कुणी संस्थेने फिल्मचं काम दिलं आणि मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला, तर तुमच्या पगारावर ते पैसे बहुधा परतच मिळतील. पण रिटर्न भरल्याशिवाय नाही.

पाटल्या अजून कपाटात असतील तर तिथेच राहू द्यात. ठेवून झाल्या असतील तर पावतीचा फोटो पाठवा. व्याजाचा दर आणि मुदत बघून किती लवकर सोडवता येतील ते कळवतो.