केदारनाथचं ब्रह्मकमळ यवतमाळकडच्या खेड्यात, अंगणात जगेल का?

नाही जगणार, भाऊ. ते हिमालयात साधारण ३,००० ते ४,८०० मीटरवरच्या कुरणांत वाढतं. हिवाळाभर बर्फाखाली, फुलोरा जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, कूलरसमोर ठेवूनही भागायचं नाही. त्याच्या फिकट, कागदासारख्या ‘पाकळ्या’ खरं तर पानंच. आत सूर्यफुलाच्या कुळातली जांभळी फुलं दाटीनं बसलेली असतात, थंडीवाऱ्यापासून ही पानं त्यांना जपतात. यात्रेहून रोप उपटून तर आणूच नका, देवाला वाहायला तोडून तोडून ते आधीच विरळ झालंय.

गावात कुंडीत रात्री उमलतं ते पांढरं ब्रह्मकमळ वेगळं, मेक्सिकोकडचं निवडुंग. ते खुशाल लावा: कोणाकडून पान मागा, मातीत खोचा, दुपारचं ऊन लागू देऊ नका.