काळी झिलई, पोकळ संत आणि गंजलेलं लोखंड

या वेळी युरोपातल्या मूर्ती, वास्तू आणि मातीची भांडी यांविषयी बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. दोन उत्तरं लांबली, कारण विचारणाऱ्यांनी काम अर्धं करून मग विचारलं आहे.

प्रश्न : ग्रीक भांड्यांवरचा चमकदार काळा रंग मला जमत नाही. लोह आणि मँगनीजचं ऑक्साइड मिसळून लावते, पण भाजल्यावर कोळशासारखा कोरडा दिसतो. भट्टी इलेक्ट्रिक आहे. काय चुकतंय? (सिरॅमिकची विद्यार्थिनी, मुंबई)

मँगनीज आधी बाजूला ठेवा. अथेन्सच्या भांड्यांवरचा काळा हा वेगळा रंग नाही आणि काचेची झिलईही नाही. भांडं ज्या प्रकारच्या लोहयुक्त मातीचं, त्याच मातीतल्या सर्वांत बारीक कणांचा तो लेप आहे. भाजल्यावर त्याची जाडी केसाच्या पाव-एक भागाइतकीच उरते. तो काळा होतो तो भट्टीतल्या हवेमुळे. जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शूमान यांनी १९४२ मध्ये ही रीत मांडली, तोवर हरवलेल्या गुप्त रंगाचा शोधच चालला होता.

लेप असा करा. चाळलेली कोरडी लाल माती १ किलो आणि पाणी २ लिटर घ्या. थोड्या कोमट पाण्यात ५ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट (मातीचे कण सुटे करणारं रसायन) विरघळवून त्यात मिसळा. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड हवं, बोअरचं नको. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे सुटे झालेले कण पुन्हा गोळा होतात आणि सगळी मेहनत तळाला जाते. नीट ढवळून काचेच्या बरणीत २०-२४ तास ठेवा, बरणीला धक्काही लागू देऊ नका. वर जवळजवळ नितळ पाणी, मध्ये दाट सायीसारखा भाग, तळाला गाळ असे तीन थर दिसतील. मधला भाग नळीने ओढून घ्या, बाकीचं टाका. १०० मिली लेप ११५ ते १२० ग्रॅम भरेपर्यंत उघड्या परातीत आटू द्या. विदर्भ-मराठवाड्याकडची काळी माती यासाठी घेऊ नका. ती पाण्यात फुगते आणि वाळताना लेपाला भेगा पडतात.

भांडं लेदर-हार्ड असताना, म्हणजे नखाचा ठसा उमटतो पण काठ वाकत नाही अशा वेळी, ते घोटून गुळगुळीत करा आणि लेपाचे दोन-तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिलात तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. फार पातळ राहिला तर तपकिरी येतो.

पुढचं काम भट्टीचं. भाजणी एकच, पण तिचे टप्पे तीन. पहिल्यात हवा खेळती ठेवून ८०० अंश सेल्सियसपर्यंत न्या, सगळं लाल होईल. दुसऱ्यात हवेची वाट बंद करून ओलं लाकूड घाला आणि ९०० ते ९५० अंशांपर्यंत चढवा. हवा कमी पडल्याने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो लोहातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि भांडं व लेप दोन्ही काळे पडतात. याच वेळी लेपाचे बारीक कण वितळून एकमेकांना धरतात आणि काचेसारखी बंद कातडी तयार होते. भांड्याची माती मात्र सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात हवा पुन्हा सोडा आणि भट्टी उतरू द्या. ऑक्सिजन सच्छिद्र मातीत शिरतो, ती परत लाल होते. बंद झालेल्या लेपात त्याला शिरता येत नाही, म्हणून तो काळा राहतो.

बिघडलेलं भांडं पाहून चूक ओळखता येते. लेप सगळीकडे लाल असेल तर दुसरा टप्पा अपुरा पडला, हवा कुठून तरी शिरत होती. काळा येऊन मग कडेने लालसर झाला असेल तर तिसरा टप्पा फार गरम किंवा फार लांब झाला. अंगही राखाडी राहिलं तर तिसरा टप्पा लवकर आटोपला. एखाद्या बाजूलाच लाल डाग असेल तर तिथे शेजारचं भांडं टेकलं होतं. असे डाग संग्रहालयांतल्या नामांकित भांड्यांवरही सापडतात.

ग्रीक कुंभार अंदाजावर बसत नसत. लेप लावलेल्या फुटक्या भांड्याचे तुकडे मध्ये भोक पाडून भट्टीत ठेवत आणि आकड्याने मधूनच बाहेर काढून रंग पाहत. तुम्हीही प्रत्येक भाजणीत असे चार-पाच तुकडे ठेवा.

इलेक्ट्रिक भट्टीत हा प्रयोग करू नका. तारांवर ऑक्साइडचं जे संरक्षक कवच असतं ते दुसऱ्या टप्प्यात खराब होतं आणि कॉइल लवकर जातात. गॅसची किंवा लाकडाची भट्टी हवी, तीही उघड्यावर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत तो जीव घेतो.

विदर्भातल्या महापाषाणीय स्थळांवरची काळी-तांबडी भांडी याच तत्त्वाची भावंडं आहेत. हवा लागली तो भाग लाल, कोंडला तो काळा. अथेन्सकरांनी हा फरक हवेच्या वाटेवर न सोडता लेपाच्या बारीकपणावर सोपवला, म्हणून त्यांना घोड्याच्या आयाळीची एकेक रेघ काळ्या-लाल सीमेवर धरता आली. इ.स.पू. ५३०च्या सुमारास त्यांनी मांडणी उलटवली. आकृती लाल सोडायच्या आणि पार्श्वभूमी लेपाने भरायची. कृती मात्र हीच राहिली.

प्रश्न : ग्रीसहून आणलेली मातीची चित्रांची सुरई पडून अकरा तुकडे झाले. दोन झटपट गोंदाने चिकटवले, आता तिसरा बसत नाही. (नाशिक)

तिसऱ्या तुकड्याची वाट तुम्हीच अडवली आहे. दोन तुकडे आधी पक्के केले की मधल्याला आत सरकायला जागा उरत नाही. झटपट गोंद काही सेकंदांत धरतो, त्यामुळे सरळ करायला वेळ मिळत नाही. शिवाय तो सच्छिद्र मातीत खोल शिरतो आणि डाग सोडतो. इपॉक्सीही नको. तो मातीपेक्षा मजबूत असतो, म्हणून पुढच्या वेळी भांडं सांध्यात न फुटता सांध्याशेजारी नव्याने फुटतं.

जोडलेला सांधा अ‍ॅसिटोनने सावकाश मऊ पडतो, पण एक सावधगिरी घ्या. पर्यटकांसाठीच्या सुरयांवरची चित्रं बहुधा भाजल्यानंतर अ‍ॅक्रिलिक रंगाने काढलेली असतात आणि अ‍ॅसिटोनने तीही उतरतात. आधी एका कोपऱ्यावर कापसाची काडी फिरवून पाहा. रंग कापसाला लागला तर अ‍ॅसिटोन फक्त आतल्या बाजूने, थेंबाथेंबाने द्या.

कडांवरचा जुना गोंद पूर्ण निघाल्यावर कोरडी जुळणी करा. सगळे तुकडे कागदी चिकटपट्टीने, गोंदाशिवाय, एकदा पूर्ण बसवायचे. पट्टी बिनरंगी जागी किंवा आतून लावा, क्रम पेन्सिलीने पट्टीवर लिहा. कडा घासू नका, कडेचा एक कण गेला की तुकडा तिथे कधीच नेमका बसत नाही. मग बुडापासून वर जा. बुडाशी अर्ध्या मिलिमीटरची चूक काठाशी पोचेपर्यंत फट होते.

संवर्धक वापरतात तो गोंद म्हणजे पॅरालॉइड बी-७२. त्याचे दाणे ४० ग्रॅम मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ६० ग्रॅम अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर टांगून ठेवा. नुसते टाकले तर तळाशी एकच गोळा होतो. माती भुसभुशीत असेल तर कडांना आधी पाच टक्क्यांचं पातळ द्रावण पाजून वाळवा, नाहीतर ती गोंद शोषून घेते. तुकडा जोडून वाळूच्या परातीत असा उभा करा की त्याचं वजन सांध्यावर सरळ खाली येईल, आणि एक दिवस हात लावू नका. बाहेर आलेला गोंद ओला पुसू नका. जेलीसारखा झाला की ब्लेडने उचला.

या गोंदाची एक अडचण आपल्याकडे जास्त जाणवते. तो ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. नागपूरच्या मे महिन्यात, उन्हाच्या खिडकीत किंवा दिव्याखालच्या काचेच्या कपाटात सांधा हळूहळू सरकतो. म्हणून जागा सावलीची निवडा.

अकरा तुकड्यांनी खचू नका. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला फ्रांस्वा कलश नावाचा प्राचीन ग्रीक कलश १९०० मध्ये एका पहारेकऱ्याने स्टूल फेकून फोडला, त्याचे ६३८ तुकडे झाले. तो आज उभा आहे.

प्रश्न : आमच्या घरी संत अंतोनीची जुनी लाकडी मूर्ती आहे. पाठ पोकळ आहे आणि पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. कीड लागली का? ऑइल पेंट दिला तर चालेल का? (वसई)

पाठ किडीने नव्हे, कारागिराने पोकळ केलेली आहे. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडच्या दिशेने आकसतं. म्हणून गाभ्यासकट ठेवलेला ओंडका बाहेरून आत चिरतो. जर्मन शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर लिंडेनच्या लाकडाच्या मूर्ती मागून कोरून काढत असे. त्याने गाभा जातो, भिंत पातळ होते, वजन घटतं आणि चेहऱ्यावर चीर येत नाही. वेदीत भिंतीला लावायच्या मूर्तीची पाठ तशीही कोणाला दिसत नसे.

ऑइल पेंट देऊ नका. अशा मूर्तीवर लाकूड, मग सरसाचा हात, मग खडू किंवा जिप्सम सरसात कालवून दिलेले पांढरे थर, सोन्याखाली लाल चिकणमाती, सोन्याचा वर्ख आणि वर रंग असे पदर असतात. स्पेनमध्ये तर वर्खावर रंग देऊन तो काडीने खरवडत, म्हणजे वस्त्रावर सोन्याची नक्षी उघडी पडते. कोरणारा आणि रंगवणारा हे तिथे वेगळ्या संघांचे कारागीर होते. सेविलमध्ये मोंतान्येसने मूर्ती कोरायची आणि पाचेकोने तिला कांती द्यायची, असा जोडीचा कारभार चाले. तुम्ही वर एनॅमल चढवलंत तर या दुसऱ्या माणसाचं सगळं काम पुसलं जाईल.

पापुद्रे सुटतात कारण पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि खडूचा थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही. तो तंबूसारखा उभा राहतो. ओल्या फडक्याने तर कधीच पुसू नका. सरसावर बसवलेला वर्ख पाण्याने विरघळतो, एका पुसण्यात फडकं सोनेरी होतं.

घरी इतकंच करा. पडलेले पापुद्रे कागदाच्या पुडीत, कुठून पडले ते लिहून ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा. धूळ मऊ केसांच्या ब्रशने झटका, पण उभ्या पापुद्र्याजवळ थांबा. मूर्ती पाऊस झेलणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मेणबत्त्या आणि दिव्यांची माळ लांब ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. किडीची शंका असेल तर खाली काळा कागद अंथरा. आठवड्याने त्यावर ताजी पिठी दिसली आणि भोकं आतून फिकट असली तर कीड जिवंत आहे. तरीही रॉकेल किंवा कीटकनाशक टोचू नका, ते झिरपून रंगावर येतं. संवर्धक अशी मूर्ती हवाबंद पिशवीत ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर आणून काही आठवडे ठेवतात.

पापुद्रे बसवायचं काम त्यांच्यावरच सोडा. त्यासाठी युरोपात स्टर्जन माशाच्या वाताशयाचा सरस वापरतात. घोळीच्या पोटातल्या ज्या भोताला तुमच्याकडे भाव मिळतो, ते वाताशयच.

प्रश्न : किल्ल्याच्या डागडुजीत सिमेंट नको म्हणतात. मग अथेन्सच्या पार्थेनॉनला कसं चालतं? (पुणे)

पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिरात सिमेंट वेगळ्या जागी असतं. पेंटेली डोंगराच्या त्या घट्ट संगमरवरात पाणी फारसं शिरत नाही. तुटलेले दोन तुकडे जोडताना आतून टायटॅनियमच्या सळ्या घालतात आणि पांढऱ्या पोर्टलँड सिमेंटने बसवतात. तो सांधा दगडाच्या पोटात असतो. आपल्या तटबंदीत पावसाचं पाणी आत जातं आणि दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन बाहेर पडतं. तिथे सिमेंट भरलं की वाट बंद होते. पाणी दगडातून निघू लागतं, क्षार आणतं आणि दगडाचं तोंड उडवतं.

पार्थेनॉनचा खरा घात लोखंडाने झाला. मूळ बांधकामात, इ.स.पू. ४४७ नंतर, दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी पकडींवर वितळलेलं शिसं ओतलेलं होतं, म्हणून त्यांतल्या कित्येक आजवर टिकल्या. निकोलाओस बालानोस यांच्या १८९८ ते १९३३ दरम्यानच्या दुरुस्तीत लोखंड शिशाशिवाय घातलं गेलं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्याने संगमरवर आतून फोडला. १९७५ नंतरच्या कामात तेच लोखंड काढत बसावं लागलं. टायटॅनियम गंजत नाही, आणि उन्हात त्याचं प्रसरण पोलादापेक्षा संगमरवराच्या जवळ जातं. पकडीची जाडीही अशी काढतात की भूकंपात आधी धातू वाकावा, दगड तुटू नये.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चचा जांभा उघडा दिसतो, त्याचीही गोष्ट दुरुस्तीचीच. गेल्या शतकाच्या मध्यात बाहेरचा चुन्याचा गिलावा काढला. जांभ्याला पावसात गिलावा हवाच असतो.

प्रश्न : महाराष्ट्रात सापडलेलं खापर रोमन अँफोराचं (दोन मुठींच्या उंच रांजणाचं) आहे हे कसं ओळखतात? (कोल्हापूर)

मूठ हाती आली तर काम सोपं. दारू भरायच्या अँफोरांच्या एका फार पसरलेल्या प्रकारात दोन गोल कांड्या शेजारी चिकटवून मूठ करत. नुसतं पोट असेल तर कापलेली कड भिंगाखाली पाहतात. इटलीतल्या काम्पानियाच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू ठिपक्यांसारखी दिसते. आतल्या काळ्या थराने मात्र पुष्कळांना फसवलं आहे. रोमन भांड्यांना आतून राळ असे, तर इराणी आखाताकडच्या बिनमुठीच्या लांबोळ्या रांजणांना डांबर. भारतात पूर्वी रोमन म्हणून नोंदवलेली कितीतरी खापरं पुन्हा तपासल्यावर या रांजणांची निघाली. नेवाशाला मात्र अस्सल रोमन अँफोरा मिळाले आहेत. तुमच्या गावच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती काशाची आहे. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे, आणि उंचीने वीतभरही नाही, तेव्हा कपाटाजवळ वाकून पाहा.