पुण्यस्मरणाच्या चौकटीत काय लिहू?

पत्र : अक्का, आमचे हे जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत ३१ वर्षं मोल्डर होते, ओतकामाचे वाळूचे साचे करायचे. नोकरीत असतानाच गेले, ५६व्या वर्षी. येळ्ळूरच्या शिवारात दीड एकर शेत आहे, तेही तेच बघायचे. थोरला म्हणतोय पेपरात ‘प्रथम पुण्यस्मरण’ द्यायचं. मजकूर केलाय, ‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’. मुलगी गडहिंग्लजला दिलीय. तिला फोनवर वाचून दाखवला तर म्हणाली, ‘कुटुंबवत्सल कसले? आप्पा घरात होतेच कधी? माझ्या एका गॅदरिंगला आले नाहीत.’ तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. तुम्हीच चार ओळी लिहून द्या.

वैनी, तुमचं पत्र सात पानी आहे. वर छापलंय ते फक्त पहिलं पान. उरलेली सहा तुम्ही ‘सहज आठवलं म्हणून’ लिहिलीत, आणि मागितलेल्या चार ओळी त्यातच पडून आहेत. मला फक्त उचलून द्यायच्यात.

आधी थोरल्याचं. त्याच्यावर चिडू नका. आपल्याकडं सकाळी पेपर उघडला की अशा चौकटी असतातच. फेट्यातला फोटो, दोन बाजूंना दोन समया, खाली ‘शोकाकुल’ म्हणून सगळी भाऊबंदकी. मजकूर डीटीपीवाल्याकडं तयार असतो, नाव तेवढं बदलायचं. माझे वडील वडगावात मागावर बसायचे. ते गेले तेव्हा आम्हीही हेच तीन शब्द छापले होते. मध्ये ट्रंकेत कात्रण सापडलं. फोटोवर बोट ठेवून वाचलं, तर आमचे वडील कुठले आणि शेजारच्या चौकटीतले गृहस्थ कुठले, कळेना. ते गृहस्थ कामाला हात न लावण्याबद्दल सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होते. तेही ‘कष्टाळू’च.

आता तुमच्या तिसऱ्या पानावरचं. पेरणीच्या आधी ते शेतातली माती मुठीत घट्ट दाबायचे, मूठ उघडायचे आणि ढेकूळ अंगठ्यानं मोडून बघायचे. एकदा तुम्ही परातीत पीठ मळताना त्यांनी त्यातलंही मूठभर घेऊन तसंच केलं आणि तुम्ही हसलात. वैनी, मोल्डर साच्याची वाळू अशीच बघतो. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि मोडली की तुकडा स्वच्छ तुटला पाहिजे. ओल कमी पडली तर साचा ढासळतो. जास्त झाली तर चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला बिडाचा रस आत पडल्या पडल्या वाफ धरतो, कास्टिंगला भोकं पडतात आणि दिवसाचं काम भंगारात जातं. वाफसा बघणारा हात आणि वाळू बघणारा हात एकच होता. तो शेतातून फाउंड्रीत गेला की फाउंड्रीतून शेतात आला, हे तुम्हाला घरात बसून कळायचं नाही.

ते सांगू शकेल असा एक माणूस आहे. बाराव्याला येऊन कोपऱ्यात बसलेले, कन्नडातून काहीतरी बोलून डोळे पुसत गेलेले त्यांचे सोबती. तुम्हीच लिहिलंय की तुमचे हे दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला काढतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जायचे, एक वर्ष चुकवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर ह्याच माणसाच्या डब्यातली भाकरी खायचे. सीमाभागाबाहेरच्यांना हे सांगून खरं वाटत नाही. १९५६ पासूनचं भांडण एकीकडं आणि डबा एकीकडं. तुमच्या धाकट्याला कन्नड चांगलं येतं ना? त्याला त्यांच्याकडं पाठवा. फोन रेकॉर्डिंगला लावून नुसतं म्हणायचं, ‘आप्पांचं काहीतरी सांगा.’ वर्षश्राद्धाच्या आत पाठवा. तेही वयानं झालेत.

मध्येच एक व्यवहाराचं, कारण सात पानांत त्याचा उल्लेख नाही. नोकरीत असताना गेले म्हणजे पीएफ सोडून तुमची विधवा पेन्शनही असते, महिन्याला किमान हजार रुपये, आणि पीएफला जोडलेला विमाही असतो. सलग वर्षभर नोकरी झालेली असली तर विम्याचे किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी. मुलांपैकी कुणी पंचविशीच्या आतलं असेल तर त्याचंही त्यात लिहायचं. मृत्यू दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एक आहे का, हे आधी बघा. मराठी आडनाव कन्नडात, तिथून इंग्रजीत असं फिरून आलं की एखादं अक्षर हमखास बदलतं आणि कागद परत येतो. हे झालं नसेल तर जाहिरात राहू द्या, आधी हे करा.

आता लेकीचं. ती खोटं बोलत नाही. गॅदरिंगला तिनं स्टेजवरून बघितलं तेव्हा आप्पा नव्हते. ‘खाडा पडला असता’ हे कारण तुम्हाला कळतं, नऊ वर्षांच्या पोरीला कसं कळणार? तिच्या बोलण्यात मला बापाबद्दल तिटकारा दिसला नाही. तो हवा होता, एवढंच ती म्हणतेय. भावाला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

पण तुमच्या पाचव्या पानावर सायकल आहे. दुसऱ्या पाळीहून यायला बारा वाजायचे. चेनकव्हर सैल होतं, फरशीवर खडखड वाजायचं. म्हणून ते मारुतीच्या देवळापाशी उतरायचे आणि मागचं चाक उचलून धरून सायकल दारापर्यंत आणायचे, पोरं उठतील म्हणून. तुम्ही कव्हर दुरुस्त करा म्हणालात की ‘उद्या बघू’. तो उद्या कधी आलाच नाही, असंही तुम्ही लिहिलंय, आणि तेवढ्यापुरती मला तुमची दया आली. एवढा हातात कसब असलेला माणूस, दोन स्क्रू पिळायला आयुष्य पुरलं नाही!

हे लेकीला माहीत असायचं कारण नाही. ती झोपलेली होती. झोपलेलीच राहावी म्हणून तर चाक उचलायचं. यानं तिची गॅदरिंगची तक्रार मिटणार नाही, मिटवायलाही जाऊ नका. फक्त ज्या रात्री ती झोपेत होती, त्या रात्रींचं तुम्ही एकट्यांनी बघितलंय, तेवढं तिला द्या.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, ‘रिटायर झालो की पंढरपूरला नेतो म्हणाले होते. कधी कधी मलाच त्यांचा फार राग येतो.’ मग रागवा की. वर्षश्राद्धाच्या दिवशी रागावलात तरी पिंडाला कावळा शिवेल.

जाहिरात द्यायचीच असेल तर ही घ्या, शब्द तुमचेच आहेत :

‘३१ वर्षं मोल्डर. सुगीला शेतात, एरवी पाळीवर. माती आणि वाळू, दोन्ही मुठीत दाबून पारखायचे. मुलांच्या कार्यक्रमांना येणं जमलं नाही. मध्यरात्री घरी येताना मुलं उठू नयेत म्हणून सायकल उचलून आणायचे.’

चौथं वाक्य थोरला खोडायला बघेल. खोडू देऊ नका. ते राहिलं तर बहीण खाली आपलं नाव घालू देईल, असं मला वाटतं. आणि पेपरात तारखेनं देताय की तिथीनं, ते दोघांना एकदाच सांगून टाका. तिथी बहुतेक अकराएक दिवस आधी येते, त्यावरून नवीन भांडण नको.

लेकीला आज रात्री फोन करा. जाहिरातीचं काढू नका, नुसतं सायकलचं सांगा. ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, फोन तेवढा ठेवू नका. सायकल अजून परड्यात आहे म्हणता, आणि थोरल्यानं ती पुसून नीट करायला काढलीय. पुसू दे. चेनकव्हरला मात्र हात लावू नको म्हणावं, बहीण येऊन जाईपर्यंत.