चीज आणि अंड्याचे कमी कार्बचे वॅफल रबरासारखे का होतात? वॅफल मेकर नसेल तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडिलांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी सकाळचे तांदळाचे पदार्थ कमी करायला सांगितलेत, म्हणून घावणे-आंबोळीच्या जागी तुम्ही चीज-अंड्याचे वॅफल करून पाहिलेत. ते चिवट होतात, अंड्याचा वास येतो, यंत्राला चिकटतात. शिवाय वॅफल मेकर बहिणीचा आहे, तो परत द्यायचाय.

मी कुडाळजवळ राहते. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे हा पदार्थ आमच्याकडे नेहमीचा झालाय. यंत्राशिवायही तो चांगला होतो. पण आधी चिवटपणाचं बघू, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी.

अंड्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. मोझरेला चीजमध्ये जवळपास निम्मं. घावण्यात तांदळाचं पीठ ते पाणी शोषून घेतं, म्हणून घावण मऊ राहिला तरी खायला छान लागतो. इथे पीठच नाही, त्यामुळे पाणी वाफ होऊन बाहेर पडेल तेव्हाच वॅफल कुरकुरीत होतो. ते आत राहिलं तर अंडं आणि चीज दोन्ही शिजतात, पण पृष्ठभाग भाजला जात नाही. तुम्ही ज्याला रबर म्हणताय ते बहुतेक हेच, शिजलेलं पण न भाजलेलं अंडं. चिकटण्याचंही तेच. खालचा थर भाजून पत्र्यापासून सुटायच्या आतच झाकण उघडलं की वॅफल मधोमध फाटतो, अर्धा वर आणि अर्धा खाली.

म्हणून घड्याळापेक्षा वाफेकडे लक्ष द्या. झाकण लावल्यावर कडेने जोरात वाफ येते, तेव्हा हात लावायचा नाही. वाफ बारीक होत होत जवळजवळ थांबली की मग उघडा. साधारण चार-पाच मिनिटं लागतात, पण आपल्याकडे हा आकडा पक्का धरू नका. पावसाळ्यात सकाळी व्होल्टेज पडतं आणि अशा यंत्रांची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर उष्णता चाळीसेक टक्क्यांनी कमी मिळते. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओत चार मिनिटांत होणारा वॅफल गावात सात मिनिटं घेतो, त्यात तुमचं काही चुकत नाही.

आता चीज. तुम्ही कुठलं वापरलंत ते लिहिलेलं नाही, आणि निम्मा फरक तिथेच पडतो. सगळ्यात चांगलं म्हणजे ठोकळ्याच्या रूपात मिळणारं मोझरेला, घरी किसलेलं. ते वितळून पसरतं आणि कडा तपकिरी जाळीदार होतात. पाकिटात आधीच किसून मिळतं त्याचे धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते. थोडीच असते, पण घरी किसलेलं बरं. तालुक्याच्या गावी मोझरेला मिळतं, आमच्यासारख्या आतल्या गावात मिळेलच असं नाही. एकदम आणून किसून छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढी पुडी काढा.

वाण्याकडे सहज मिळतं ते प्रोसेस्ड चीज, क्यूब किंवा टिनमधलं. त्यानेही वॅफल होतो. त्यात चीज एकसारखं वितळावं म्हणून सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात, पाकिटावर ३३१, ३३९ असे आकडे दिसतात ते हेच. त्यामुळे ते तुपासारखं सुटत नाही, वॅफल मऊसर राहतो आणि मीठ भरपूर असतं. वडिलांना रक्तदाबही असेल तर प्रोसेस्ड चीज कमीच वापरा आणि वरून मीठ अजिबात घालू नका. चीज स्प्रेड चालणार नाही, त्यात पाणी जास्त. आणखी एक, स्वस्त पिझ्झा चीजच्या पाकिटावर मागे ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलंय का ते जरूर वाचा. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, कधी स्टार्चही. तुम्ही पीठ टाळण्यासाठी एवढी खटपट करताय आणि ते पाकिटातूनच आत येईल.

पनीर चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. चीजच्या जागी नाही चालत. पनीर लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेलं असतं, त्यामुळे ते तापवल्यावर वितळत नाही, नुसतं कोरडं होतं. चुरून थोडं आत घातलं तर पोट भरतं, पण बांधून धरायचं काम मोझरेलाच करतं.

प्रमाण असं. बाजारातलं एक मोठं अंडं, फोडल्यावर साधारण ५० ग्रॅम भरतं. त्याला ५० ते ६० ग्रॅम किसलेलं मोझरेला, म्हणजे गच्च न दाबता शीग लावलेली अर्धी वाटी. गावठी अंडं लहान असतं, त्याला ४०-४५ ग्रॅम पुरे. चीज थोडं जास्त झालं तर वॅफल कुरकुरीत होतो, अंडं जास्त झालं तर ऑम्लेट. एवढ्यात कर्बोदकं दीड-दोन ग्रॅम आणि प्रथिनं सतरा ग्रॅमच्या आसपास. तांदळाच्या १०० ग्रॅम पिठात ८० ग्रॅमच्या घरात कर्बोदकं असतात. एका घावण्याला ३० ग्रॅम पीठ धरलं तर तीन घावण्यांत सत्तर ग्रॅम झाली. तुमच्या डॉक्टरांचा रोख याच हिशोबाकडे असणार.

अंडं चांगलं फेटा, पांढऱ्याचे धागे दिसता कामा नयेत. यंत्र पूर्ण तापू द्या. मग खालच्या पत्र्यावर आधी चिमूटभर चीज पसरा, ते वितळून फसफसलं की त्यावर अंडं-चीजचं मिश्रण ओता, वर पुन्हा चिमूटभर चीज आणि झाकण. हे दोन बाहेरचे थर भाजले जाऊन कुरकुरीत होतात, आणि अंड्याचा पत्र्याशी थेट संबंध येत नाही म्हणून चिकटत नाही. पहिल्या वॅफलला खोबरेल तेलाचा हात फिरवा, पुढच्यांना चीजचंच तूप पुरतं. काढताना सुरी वापरू नका, लाकडी उलथणं घ्या.

काढल्यावर लगेच ताटात ठेवायचा नाही. खाली वाफ धरते आणि केलेलं सगळं फुकट जातं. पापड भाजायची जाळी असते ना, तिच्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा. गरम असताना तो मऊच लागेल, निवताना कडक होतो. डब्यात घालून झाकण लावलं की संपलं. आपल्या किनाऱ्यावरची हवा जून ते सप्टेंबर इतकी ओली असते की उघड्यावरही अर्ध्या तासात तो नरम पडतो. म्हणून वडील पाटावर बसले की मगच करायला घ्या.

अंड्याच्या वासाचं कारण पांढऱ्यातलं गंधक. पाणी निघायला उशीर होऊन अंडं जास्त वेळ मंद आचेवर शिजलं की तो वास वाढतो, म्हणजे पुन्हा यंत्र पुरतं तापलेलं हवं हाच मुद्दा. वरून आपली मिरी वापरा. पोफळीवर किंवा नारळावर चढवलेली मिरीची वेल सिंधुदुर्गात पुष्कळ घरी असते, ती ताजी ठेचून घातली की अंड्याचा वास उरत नाही. आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून चालेल. कांदा-टोमॅटो मात्र मिश्रणात नको, पाणी सोडतात. हवा तर कच्चा कांदा वरून घ्या.

आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. बाहेरच्या पाककृतींत बदामाचं पीठ किंवा नारळाचं पीठ एक चमचा घाला असं असतं. त्याने वॅफलला पावासारखा पोत येतो, उरलेलं पाणीही शोषलं जातं. हे महाग पाकीट आपल्याला मागवायची गरजच नाही. सोलकढीसाठी नारळाचं दूध काढल्यावर जो चोथा उरतो तो आपण गुरांना घालतो किंवा माडाच्या मुळात टाकतो. तोच घ्या. दुसऱ्यांदा पाणी घालून पिळलेला, घट्ट पिळलेला. उन्हाळ्यात दोन कडक उन्हं दाखवा, पावसाळ्यात लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर परतत राहा, रंग बदलू न देता. हाताला पूर्ण कोरडा लागला की मिक्सरला फिरवून चाळा. हे झालं नारळाचं पीठ. स्निग्धांश बराचसा दुधात निघून गेलेला असतो, उरतो तो मुख्यतः चोथाच, म्हणजे तंतू. काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलं तर खवट होतं.

एका अंड्याला एक लहान चमचा, जास्त नाही. हे पीठ पाणी फार पितं. दोन चमचे घातलेत तर वॅफल भुगाभुगा होईल. मिश्रण करून पाच मिनिटं थांबा, पीठ भिजू द्या, मग ओता. ओल्या नारळाचा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, थेट घालायचा मोह होईल, पण त्यात पाणी असतं. घालायचाच तर आधी कोरडा परतून घ्या. सासूबाईंनी हा पिठाचा वॅफल पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाल्या, “बरां लागता.” त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे माझ्यासाठी खूप होतं.

वॅफल मेकर परत द्या, बिनधास्त. घरात बिडाचा तवा असेलच, घावण्याचा. तो चांगला तापवून तेल पुसून घ्या, चीज पोळीसारखं गोल पसरा, कडा तपकिरी व्हायला लागल्या की त्यावर मिरी घालून फेटलेलं अंडं ओता, अंडं धरलं की उलटा. खालून चीज जाळीसारखं होतं. चौकटी पडत नाहीत, चव तीच. गॅसवर धरायचा जुना हाताचा सँडविच टोस्टर असेल तर तो आणखी चांगला. आतून तेल लावून, दोन्ही बाजूंनी मंद आचेवर तीन-तीन मिनिटं. आप्पेपात्रातही करता येतात, पण ते आतून मऊच राहतात. दातांचा त्रास असेल तर मात्र तेच द्या.

सोबत काय? टोमॅटो सॉस नको, त्यात साखर असते. ओल्या नारळाची चटणी, डाळं आणि साखर न घालता. सुका जवळा भाजून कांदा, नारळाचा चव आणि कोकम घालून केलेली किसमूर याच्यावर फार छान लागते, चीजचा तेलकटपणा कोकम मोडतं. काळ्या वाटाण्याची उसळ आवडत असेल तर छोटी वाटी द्या, त्यात कर्बोदकं आहेत पण तंतू आणि प्रथिनंही आहेत. नुसतं चीज-अंडं खाऊन पोट जड होतं, बद्धकोष्ठही होतो, म्हणून काकडी किंवा एखादी पालेभाजी ताटात असू द्या. श्रावणात तुमच्याकडे अंडं बंद असेल तर याचा बिनअंड्याचा अवतार शोधत बसू नका. पनीर तव्यावर मिरी लावून भाजा, ते जास्त चांगलं लागतं.

रोज रोज मात्र करू नका. चीजमधला स्निग्धांश बराचसा संपृक्त असतो आणि वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एवढी प्रथिनं आणि प्रोसेस्ड चीजमधलं फॉस्फेट चालतं का, ते आधी विचारून घ्या.

आणि ही गोष्ट नाश्ता बदलण्याआधी करा. वडील इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी, तर गोळी तीच ठेवून अचानक तांदूळ काढून टाकला की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर-पाणी द्या, त्या वेळी कमी कार्बचा विचार करायचा नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर कर्बोदकं फार कमी केल्याने रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्तच आम्लयुक्त होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि सकाळच्या नाश्त्यात नेमका काय बदल करताय ते सांगा. घरी ग्लुकोमीटर असेल तर घावण्याच्या दिवशी आणि वॅफलच्या दिवशी, खाण्याआधी आणि दोन तासांनी, साखर मोजून वहीत लिहा. ती वही त्यांना दाखवा. डोस किती ठेवायचा ते त्यावरून त्यांनाच ठरवू दे.