पुण्याचा कोर्स नको, शनिवार विकत घ्या

प्रश्न: मी 31 वर्षांची, सिव्हिल डिप्लोमा. सोलापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नऊ वर्षं काम करते. इमारतींचे नकाशे आधी ऑटोकॅडवर काढायचे, आता रेव्हिट या सॉफ्टवेअरवर. पगार 26,000. यजमान टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, पगार 22,000. मुलगी पहिलीत आहे. घराचा हप्ता 9,800, बाकी खर्च 27,000. एफडी 2,60,000 आणि बचत खात्यात 1,10,000. रेव्हिटमधली तीच-तीच कामं आपोआप करून घ्यायचं डायनॅमो वर्षभर मी स्वतःच शिकतेय. पुण्यात याचा पाच महिन्यांचा कोर्स आहे, फी 1,20,000. नोकरी सोडून तो करायचा आणि परत येऊन जुळे सोलापुरात गाळा घेऊन स्वतःचा क्लास काढायचा, असं मनात आहे. गाळ्याचं भाडं 9,000, डिपॉझिट 50,000, सहा जुने संगणक प्रत्येकी 35,000. एफडी मोडू, की क्लासवाले देतात तो नो कॉस्ट ईएमआय घेऊ? आणि डायनॅमोत मी बनवलेले ग्राफ, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लोकांना फुकट द्यावेत की विकावेत?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि ईएमआयही घेऊ नका. शिकणं मात्र थांबवू नका. तुमचा कल बरोबर आहे, पैसे चुकीच्या जागी चाललेत.

मागच्या आठवड्यात तुम्ही लॅपटॉप घेऊन माझ्या ऑफिसात आलात आणि म्हणालात, वडील जेकार्डचे पत्ते बांधायचे. तेव्हा मला डायनॅमो पहिल्यांदा नीट कळलं. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून ठरते. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. पत्त्यांची माळ एकदा बांधली की तीच नक्षी हवी तितक्या चादरींवर उतरते. डायनॅमोत पत्त्याच्या जागी नोड, म्हणजे छोटे चौकोन असतात. एक चौकोन इमारतीतली सगळी दारं गोळा करतो, दुसरा प्रत्येक दार कुठल्या खोलीचं ते विचारतो, तिसरा क्रमांक लिहितो. चौकोन एकमेकांना वायरींनी जोडायचे. कोड टाइप न करता जोडलेल्या या प्रोग्रॅमला ग्राफ म्हणतात.

तुम्ही दाखवलेला ग्राफ दारांना नंबर देणारा होता. 412 दारं. हाताने दीड दिवस लागायचा, ग्राफने काही मिनिटांत झालं. पण 11 दारांपुढे नंबराऐवजी ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, आलं आणि चौकोन पिवळा पडला. तुम्ही अख्खा रविवार त्यात घालवलात आणि कारण शोधलंत. रेव्हिट प्रत्येक दाराच्या दोन बाजूंना कुठल्या खोल्या आहेत ते बघतं, आणि मुख्य दार, डक्टचं दार यांच्या एका बाजूला खोलीच नसते. तुमचा ग्राफ नेमकी तीच बाजू विचारत होता. मला त्यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, पण कुठे अडतं आणि का अडतं हे ज्याला स्वतः सापडतं, त्याला 1,20,000 रुपये देऊन पहिल्या धड्यापासून शिकायची गरज नसते, एवढं मला कळतं.

आता हिशेब. तुम्ही कोर्सचा खर्च 1,75,000 धरलात: फी, पुण्यात राहणं-जेवण पाच महिने 45,000 आणि दर पंधरा दिवसांनी घरी यायचे 10,000. त्यात सर्वात मोठा आकडा राहिला. नोकरी सोडली की पाच महिन्यांचा पगार बुडाला, 1,30,000. एकूण 3,05,000. आज तुमच्या घरात महिन्याला 11,200 शिल्लक पडतात. तुमचा पगार थांबला की 14,800 कमी पडायला लागतील, आणि मुलीची शाळा काही पाच महिने सुट्टीवर जाणार नाही.

कोर्सनंतर पगार 38,000 झाला असं धरू. महिना 12,000 जास्त. 3,05,000 वसूल व्हायला पंचवीस महिने पुरत नाहीत. तेही तो पगार सोलापुरात बसून मिळाला तर. पुण्यात राहायचं झालं तर वाढलेले 12,000 घरभाड्यातच जातील.

गाळ्याचं गणित त्याहून अवघड आहे. डिपॉझिट आणि संगणक मिळून 2,60,000, बरोबर तुमच्या एफडीएवढे. पण ती एफडी तर कोर्समध्येच संपलेली असेल. म्हणजे एकच एफडी दोनदा मोडायची. दुसऱ्या वेळचे पैसे कुठून येणार ते तुमच्या पत्रात नाही, आणि माझा अंदाज आहे की नजर कपाटातल्या दागिन्यांवर आहे. सोनेतारण कर्ज लगेच मिळतं, म्हणूनच त्याची भीती वाटते.

कमाई तुम्ही एकाच वेळी दोन-दोन महिन्यांच्या दोन बॅच, सहा-सहा जण, 12,000 फी अशी धरलीत. म्हणजे महिन्याला 72,000. पहिल्या वर्षी एक बॅच आणि चार जण धरा. दोन महिन्यांचे 48,000, महिन्याचे 24,000. त्यातून भाडं 9,000, वीज आणि इंटरनेट 3,500, जाहिरात 2,000 गेले की हातात 9,500. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, मग परीक्षा, मग उन्हाळ्यात गावाला गेलेली पोरं. बारा महिने बॅच भरलेली असेल असं धरूच नका.

शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना. डायनॅमो मुक्त स्रोत आहे, म्हणजे फुकट, आणि रेव्हिटच्या 2020 आवृत्तीपासून ते रेव्हिटसोबतच बसतं. पण रेव्हिट भाड्याचं आहे, दरवर्षी पैसे. स्वस्त पडतं म्हणून रेव्हिट एलटी ही छोटी आवृत्ती घ्याल, तर त्यात डायनॅमो नाही. शैक्षणिक परवाना फुकट असतो खरा, पण तो मान्यताप्राप्त संस्थेतल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी, आणि त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. गाळ्यातल्या क्लासला तो आपोआप लागू होत नाही. सहा संगणकांवर ‘कुठून तरी आणलेलं’ रेव्हिट टाकून क्लास चालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मुलांना याद्या, यादीतल्या याद्या आणि वायरी शिकवायला डायनॅमो सँडबॉक्स, म्हणजे डायनॅमोचं स्वतंत्र रूप, रेव्हिटशिवाय, फुकट चालतं. सुरुवातीला तेवढं भागेल.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल दोनच वाक्यं. क्लासच्या पावतीसोबत तुम्ही सही करता तो बहुतेक वेळा फायनान्स कंपनीच्या कर्जाचा कागद असतो, कर्ज तुमच्या नावावर, सिबिलमध्ये तुमचीच नोंद. क्लास आवडला नाही, शिक्षक बदलले, क्लास बंद पडला, तरी हप्ता चालूच राहतो. (मीही एकदा अशा हप्त्यांवर एका परीक्षेचा क्लास लावला होता. तिसऱ्या महिन्यात शिकवणारा गेला, पुढचे नऊ हप्ते मी भरले.)

एफडी कशाला राखायची, तेही सांगतो. तुमचा महिन्याचा खर्च 36,800. सहा महिन्यांचा 2,20,800. एफडी तेवढ्यासाठीच आहे. टॉवेलच्या ऑर्डरी मंदावल्या की पाळ्या कमी होतात हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, आणि यजमानांचा पगार त्याच धंद्यातून येतो.

मग करायचं काय? तुमच्याकडे कमी आहे तो वेळ. रात्री दहानंतर, मुलगी झोपल्यावर तुम्ही शिकता. तोच वेळ विकत घ्या. तुमचा पगार सव्वीस दिवसांनी भागला तर दिवसाला 1,000 होतात. तुमच्या आर्किटेक्ट सरांना सांगा, सहा महिने शनिवारी बिनपगारी रजा हवी. महिन्याला 4,000 कापले जातील, सहा महिन्यांत 24,000. त्यात शनिवार-रविवारच्या एखाद्या छोट्या ऑनलाइन कोर्सला 15,000 आणि लॅपटॉपची रॅम वाढवून जुना मॉनिटर घ्यायला 12,000. एकूण 51,000. बचत खात्यातून द्या, तिथे 59,000 उरतात. एफडीला हात लागत नाही. डायनॅमो प्रायमर नावाचं अधिकृत मार्गदर्शक फुकट आहे, छोट्या कोर्सआधी ते संपवा. पुण्याच्या कोर्सचा अभ्यासक्रमही मागवून बघा, त्यातलं किती या प्रायमरबाहेरचं आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

ग्रासहॉपरही शिकावं का, असं तुम्ही जाता जाता विचारलं होतं. ते डायनॅमोसारखंच, पण राइनो या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरसोबत येतं, राइनोचा परवाना एकदाच विकत घ्यायचा असतो आणि 90 दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं. पण तुमचं रोजचं काम रेव्हिटवर आहे. आता नको.

शनिवार मागायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर लिहा: दारांचे नंबर, आधी दीड दिवस, आता किती. शीटची नावं, आधी किती, आता किती. खोल्यांच्या क्षेत्रफळाचा तक्ता, तसंच. सर धंदा करतात, त्यांना हा कागद वाचता येतो. शनिवार मिळाले नाहीत तर 4,000 पगारवाढ मागा. त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: ऑफिसच्या वेळेत बनवलेला ग्राफ बाहेर दाखवला तर चालेल का? ‘हो’ म्हणाले तर तेवढं ईमेलवर घ्या. ऑफिसच्या प्रोजेक्टची फाइल मात्र कुठेच बाहेर न्यायची नाही, शिकवायलाही नाही.

आता फुकट की विकत. फुकट द्या. पन्नास रुपयांना ग्राफ विकलात तर पन्नास जण घेतील, आणि पुढच्या वर्षी रेव्हिटची आवृत्ती बदलली की त्यातले चाळीस जण ‘ताई, चालत नाही’ म्हणून फोन करतील. नोड बदलतात, ग्राफमध्ये पायथन भाषेतला कोड लिहिला असेल तर तेही आवृत्तीगणिक अडतं. त्या फोनची किंमत पन्नास रुपयांत बसत नाही. डायनॅमोचे लोकप्रिय पॅकेज, म्हणजे तयार नोडांचे संच, लोक एकमेकांना फुकटच देतात. तुम्हीही चार साधे, नीट नावं दिलेले, मराठीत टिपा लिहिलेले ग्राफ वाटा. पैसे घ्या ते ‘आमच्या ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे बसवून द्या’ म्हणणाऱ्याकडून, आणि त्याचं बिल द्या. कुणी टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून परत मागता येईल, तुमच्या उत्पन्नावर बहुधा कर बसणार नाही.

शिकवायला गाळा लागत नाही. महिन्यातून एक रविवार, सकाळी तीन तास, चार जण, ज्याचा त्याचा लॅपटॉप, 500 रुपये. जागा तुमच्या जुन्या पॉलिटेक्निकची मिळते का बघा, नाहीतर घरचा हॉल. चार रविवारांनंतर किती जण पुन्हा आले ते मोजा. कौतुक करणारे मोजू नका, पैसे देऊन परत येणारे मोजा.

माझं मत दोन परिस्थितींत बदलेल. एखाद्या कंपनीने कोर्सनंतरची नोकरी आकड्यासह लेखी दिली तर. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं छापलेलं पत्रक लेखी धरत नाही मी. किंवा सहा महिन्यांत वेगवेगळ्या तीन ऑफिसांनी तुमची बिलं भरली आणि रविवारी चाराऐवजी दहा जण यायला लागले, तर गाळ्याचा विचार पुन्हा करू. तेव्हाही सहा संगणक नकोत, टेबलं आणि चांगले प्लग पॉइंट पुरतील.

सरांशी बोलण्याआधी तो कागद मला दाखवा, आकडे मी तपासून देतो. आणि त्या 11 दारांना शेवटी नंबर कसे दिलेत तेही सांगा. मला तेवढं कळलं नाही तर रविवारच्या चौघांनाही कळणार नाही.