‘की’च्या पुढचं इंग्रजी

प्रश्न : माझ्या दहावीतल्या मुलाने ‘ही टोल्ड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं लिहिलं. बाईंनी अख्खं वाक्य खोडलं. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे बरोबर आहे ना? मग इंग्रजीत चुकलं काय?

उत्तर : मराठी वाक्य अगदी बरोबर आहे, आणि मुलाने तेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं आहे. मराठीत ‘की’च्या पुढे मूळ बोलणाऱ्याचेच शब्द चालतात : त्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’, त्याचा भविष्यकाळ. इंग्रजी इनडायरेक्ट स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना, मात्र सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून बघावं लागतं. म्हणून ‘आय’चा ‘ही’, ‘विल’चा ‘वुड’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’. शिवाय ‘टोल्ड’नंतर कोणाला सांगितलं ते यावंच लागतं : ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड हिज मदर’. ते द्यायचं नसेल तर ‘सेड’ वापरा. बरोबर वाक्य : ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’

मुलाला एक सवय लावा. वर्तमानपत्रात ‘आपण येणार असल्याचे त्यांनी सांगितले’ असं छापून येतं, तशा साच्यात मराठी वाक्य आधी बसवायचं. त्यात ‘मी’ आपोआप गळतो. मग काळ, आणि शेवटी ‘टुडे’, ‘हिअर’, ‘धिस’ यांसारखे शब्द तपासायचे. या क्रमाने गेलं की सहसा काही सुटत नाही.

प्रश्न : काळ दर वेळी मागे न्यायचाच का?

उत्तर : नाही. ‘सेज’ असेल तर काळाला हात लावू नका : ‘शी सेज दॅट शी इज इल.’ ‘सेड’ असेल तर ‘इज’चं ‘वॉज’, ‘हॅज’चं ‘हॅड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’ होतं. ‘वुड’, ‘शुड’, ‘कुड’, ‘माइट’ आणि ‘हॅड गॉन’सारखी रूपं आहेत तशीच राहतात, कारण त्यांना मागे जायला जागाच नाही. कायमचं सत्य बदललं नाही तरी चालतं : ‘द टीचर सेड दॅट वॉटर बॉइल्स ॲट १०० डिग्रीज सेल्सिअस.’ सालासकट सांगितलेल्या जुन्या घटनेलाही ‘हॅड’ची गरज नसते. ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन १९९८’ हेच स्वाभाविक इंग्रजी.

‘टुमॉरो’चंही तसंच. निरोप त्याच दिवशी सांगत असाल तर ‘टुमॉरो’ बदलायचं कारण नाही. परीक्षेतल्या वाक्यात निरोप कधी सांगितला ते दिलेलं नसतं, म्हणून तिथे ‘द नेक्स्ट डे’च लिहावं.

प्रश्न : ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ यातलं काय काढायचं?

उत्तर : ‘दॅट’ काढा; ‘व्हेअर’ स्वतःच दोन वाक्यं जोडतो. ‘डू’ काढा आणि कर्ता क्रियापदाच्या आधी आणा : ‘आय आस्क्ड हिम व्हेअर ही लिव्ह्ड.’ हा आता प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे शेवटी प्रश्नचिन्ह नको, पूर्णविराम हवा. मराठीत ‘तुला चहा आवडतो का?’ यातला ‘का’ शेवटी येतो. इंग्रजीत त्याचं काम ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ करतो, तोही जोडाच्या जागी : ‘शी आस्क्ड मी इफ आय लाइक्ड टी.’ इथेही पुष्कळ जण ‘आस्क्ड मी दॅट इफ’ लिहितात. असा प्रश्न सांगताना दोन्ही एकत्र येत नाहीत.

प्रश्न : आज्ञा आणि सल्ला कसा सांगायचा?

उत्तर : आज्ञेला ‘टू’, मनाईला ‘नॉट टू’ : ‘द डॉक्टर टोल्ड मी नॉट टू स्मोक.’ ‘टोल्ड मी टू डोन्ट स्मोक’ ही मोठी चूक. सल्ल्यात गडबड होते ती ‘सजेस्ट’ची. ‘त्याने मला जायला सुचवलं’ यावरून ‘ही सजेस्टेड मी टू गो’ लिहिलं जातं, पण ‘सजेस्ट’ला ही रचना चालत नाही. ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ लिहा. ‘मी टू गो’च हवं असेल तर क्रियापद बदला : ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू गो.’